मूग शिजवायचे नव्हते



२०२१ च्या जूनमधली गोष्ट. संध्याकाळचे सहा वाजत आले होते. आमच्याकडे चौविहार असतो, त्यामुळे त्या वेळेला स्वयंपाकघरात माझी धावपळ असते. तेवढ्यात बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरची सिस्टर उभी होती. उजवा हात छातीशी धरलेला, डाव्या हातात रिकामं पातेलं.

"काकू, वाटीभर मूग आणि वाटीभर तांदूळ द्याल का? राजमा असेल तर तोही."

"अगं, डबा घेऊन येतेच आहे मी वर. तू कशाला शिजवायला बसतेस?"

"शिजवायचे नाहीत काकू. हात घालायचा आहे."

मला काही कळलं नाही. पण मागितलं ते दिलं.

तिचं नाव मी लिहीत नाही. "लिहा, पण नाव नको," असं तिनेच सांगितलं आहे. नाशिक शहरातल्या एका दवाखान्यात ती नर्स होती, आणि देवळाली कॅम्पात आमच्या वरच्या मजल्यावर एकटी भाड्याने राहत होती. आई गावाला.

त्या वर्षीचा एप्रिल नाशिककर विसरणार नाहीत. २१ एप्रिलला महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. आमची सिस्टर तिथली नव्हे. पण त्यानंतर शहरातल्या प्रत्येक वॉर्डात नातेवाइकांची नजर ऑक्सिजनच्या काट्यावर आणि नर्सच्या चेहऱ्यावर खिळलेली असायची, असं ती सांगते. पुढच्याच आठवड्यात तिच्या वॉर्डात एक रुग्ण गेला आणि नातेवाइकांचा तोल सुटला. ढकलाढकलीत ती काचेच्या दारावर आदळली. काच फुटून तळव्यात घुसली आणि दोन बोटं मिटवणारे टेंडन तुटले. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. ज्याने ढकललं तो विशीतला मुलगा होता. त्याचे वडील नुकतेच गेले होते.

ऑपरेशन झालं, दोऱ्या जोडल्या गेल्या, सहा आठवडे हात स्प्लिंटमध्ये राहिला. डॉक्टर-नर्सवर हात उचलणाऱ्यांसाठी आपल्या महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. २०२० मध्ये साथरोग कायद्यातही दुरुस्ती होऊन गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आली. पण कायद्याने तिची मूठ मिटत नव्हती आणि झोपही येत नव्हती. रात्री दोन-तीनला वर तिच्या चालण्याचा आवाज यायचा.

आता माझं सांगते, कारण हा लेख खरं तर त्यासाठीच लिहायला घेतला आहे.

मी तिची सेवा केली. दोन वेळचा डबा दिला, कपडे आमच्या मशीनमध्ये धुतले, सकाळी जाऊन वेणी घालून दिली. "तू फक्त आराम कर. देवळालीची हवाच औषध आहे," हे मी दिवसातून तीनदा म्हणत असेन. आणि एकदा ती रडत होती तेव्हा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "बेटा, कर्माचा उदय असतो. भोगूनच संपतो."

ती गप्प झाली. त्यानंतर दोन दिवस तिने दार उघडलं नाही. डबा कडीला अडकवून यावा लागला. थकली असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

मूग नेले त्याच आठवड्यात ती म्हणाली, "काकू, थेरपीला माझ्याबरोबर याल का? रिक्षात एकटीला भीती वाटते." घरात सांगितलं की ही व्यवसायोपचारासाठी जाते आहे. आमचे हे दुकानदार माणूस. त्यांनी विचारलं, "आजारपणात कोणता व्यवसाय काढतेय ती?" खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं.

ऑक्युपेशनल थेरपीला मराठीत व्यवसायोपचार म्हणतात. इथे व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. माणूस सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत ज्या ज्या कामात गुंतलेला असतो ते सगळं म्हणजे व्यवसाय. दात घासणं, वेणी घालणं, भाकरी थापणं, नोकरीवर जाणं, पूजा करणं, सगळंच. आजाराने किंवा अपघाताने त्यातलं जे हातातून सुटतं, ते त्याच कामांच्या मदतीने परत मिळवून द्यायचं, हे या उपचाराचं काम. फिजिओथेरपिस्ट बोट किती वाकतं ते बघतो. व्यवसायोपचारतज्ज्ञ तेही बघतो आणि पुढे विचारतो, या बोटाने तुला काय करायचं आहे?

तिथल्या मॅडमनी अगदी हेच विचारलं. "तुला जी कामं करावीशी वाटतात पण जमत नाहीत, अशी पाच सांग." मग प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. ते काम तुझ्यासाठी किती महत्त्वाचं, आज किती जमतं, आणि जसं जमतं त्यावर तू किती समाधानी. तिने सांगितलं: स्वतःची वेणी, भाकरी, सलग झोप, वॉर्डाच्या दारातून आत जाणं. पाचवं सांगायला तिला खूप वेळ लागला. मग म्हणाली, "सिरिंज भरणं." आज किती जमतं? एक.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "हिची वेणी कोण घालतं?"

मी कौतुकाने सांगितलं, "मी."

"जेवण?"

"माझा डबा असतो."

"कपडे?"

"आमच्या मशीनमध्ये."

त्या हसल्या. रागावल्या नाहीत. "काकू, मग ही दिवसभर काय करते?"

मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. ती दिवसभर भिंतीकडे बघत तोच एक दिवस पुन्हा पुन्हा जगत होती. आणि तिला तेवढं एकच काम मी शिल्लक ठेवलं होतं.

परत येताना लॅम रोडवरून रिक्षा चालली होती आणि दोन्ही बाजूंनी आपल्या देवळालीची सॅनेटोरियम लागत होती. आपलं गावच आरामावर उभं राहिलेलं. मुंबईची मंडळी, पारशी, गुजराती, आपले जैन, इथे हवापालटाला येत आली. क्षयाला धड औषध नव्हतं त्या काळात चांगली हवा, विश्रांती आणि सकस अन्न हाच इलाज होता. आराम म्हणजे औषध हे आमच्या मनात इतकं पक्कं बसलं आहे ते उगाच नाही.

पण याच देवळालीची दुसरीही एक गोष्ट आहे. माणसाचं डोकं ताळ्यावर नसलं की इंग्रज म्हणतात, तो 'डुलॅली' झाला. तो शब्द म्हणजे आपली देवळाली! १९व्या शतकात मुदत संपलेल्या गोऱ्या सोल्जरांना मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत इथल्या छावणीत ठेवत. बोटी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळातच सुटायच्या. त्या हुकल्या की कित्येक महिने इथेच. ऊन, हिवताप, दारू, आणि हाताला काम नाही. वाट बघता बघता माणसं भ्रमिष्ट व्हायची, अशी त्या शब्दामागची गोष्ट सांगतात. 'डुलॅली टॅप' असंही म्हणत, त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. हवा तीच, गावही तेच. सॅनेटोरियममधला माणूस बरा होऊन घरी जाई आणि छावणीतला बिनकामाचा माणूस डोकं गमावून बसे. आराम आणि रिकामपण यांत हा एवढा फरक आहे, आणि जन्म या गावात काढून तो माझ्या लक्षात आला नव्हता.

या उपचाराचा जन्मही सैनिकांशी बांधलेला आहे. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याने हादरलेले जवान अंगावर जखम नसतानाही थरथरत, बोलायचे थांबत. अमेरिकेने त्यांच्यासाठी फ्रान्समधल्या लष्करी दवाखान्यांत खास शिकलेल्या बायका पाठवल्या. त्या टोपल्या विणायला, मागावर कापड विणायला, लाकूडकामाला शिकवत. व्यवसायोपचाराची पहिली संघटना अमेरिकेत १९१७ साली स्थापन झाली. त्याच साली मुंबईत जायबंदी भारतीय सैनिकांना हातकाम शिकवण्यासाठी क्वीन मेरीज टेक्निकल ही संस्था सुरू झाली, ती पुढे पुण्याजवळ खडकीला गेली. आणि शास्त्र म्हणून हा उपचार आपल्याकडे आणला तो एका बाईंनी. कमला निंबकर, मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लुंडी. निंबकरांच्या सूनबाई होऊन इथल्याच झाल्या. १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात त्यांनी देशातली व्यवसायोपचाराची पहिली शाळा सुरू केली. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची आहे.

तर मुगाचं काय, ते सांगते. जखम भरली तरी व्रणावरची कातडी भलतीच हळवी होते. साधा रुमाल लागला तरी झिणझिण्या येतात, आणि मग माणूस तो हात वापरायचंच टाळतो. म्हणून आधी कापूस, मग मऊ कापड, मग तांदूळ, मूग, राजमा अशा चढत्या क्रमाने हाताला स्पर्शाची सवय करायची. थोडा थोडा वेळ, दिवसातून चार-पाच वेळा. धान्यात हात घालायचा, मूठ मिटायची, सोडायची.

मी सांगितलं, "वर एकटी बसू नकोस, आमच्याकडे ये." आमच्या सासूबाई तेव्हा ८४ वर्षांच्या. सकाळी त्या सामायिकाला बसत तेव्हाच ही तिचं पातेलं घेऊन येई. सामायिकात सचित्त धान्याचा स्पर्श चालत नाही, म्हणून सासूबाई त्यांच्या आसनावर आणि ही हातभर लांब. ४८ मिनिटं घरात कोणी बोलायचं नाही. एकीची माळ, दुसरीचे मूग. तिला कोणी धर्म शिकवला नाही, तिनेही विचारला नाही. पण सासूबाईंनी सामायिक पाळल्यावर एक गोष्ट मात्र सांगितली. "पावसाळा आहे. हात घालायच्या आधी धान्य नीट बघून घे. किडा असेल तर चिरडेल."

तो तिचा पहिला नियम झाला. रोज सकाळी मूग ताटात पसरायचे, खिडकीच्या उजेडात बघायचे, एखादा जीव दिसला तर कागदावर घेऊन अलगद बाहेर सोडायचा. आपण याला जयणा म्हणतो. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे बंद करू नका. नजर एका जागी ठरते, बोटांना हलकं काम मिळतं, आणि रोज सकाळी तिची वाट बघणारं काहीतरी असतं." आठवड्याने ते मूग आम्ही पाखरांना घालायचो आणि नवे घ्यायचो.

एक दिवस कपड्यांचं मशीन संपल्याची शिट्टी वाजली, टीं टीं टीं. सगळी पोर दचकून उठली आणि पातेलं हातातून उडालं. मूग सोफ्याखाली, दारामागे, सगळीकडे. ती भिंतीला टेकून थरथरत होती. वॉर्डातल्या मॉनिटरचा आवाज अगदी तसाच असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. म्हणजे महिनाभर मी तिचे कपडे धुताना वर तिला तो आवाज जात होता. मी झाडू आणायला उठले तर सासूबाईंनी मला थांबवलं. "राहू दे. तिला वेचू दे. आपण पण वेचू." तिघी खाली बसलो. अंगठा आणि जखमी बोटाच्या चिमटीत एक एक दाणा पकडत ती वेचत राहिली. पाऊण तास तरी गेला असेल. शेवटी शेवटी तिचा श्वास जागेवर आला होता.

मशीनच्या आवाजावर मॅडमनी उपाय दिला तो असा. आवाज बंद करायचा नाही. मशीन लावायचं ते तिने, संपायची वेळ घड्याळात बघायची तिने, शिट्टी वाजल्यावर बटण बंद करायचं तिने. आवाज कधी येणार हे तिला माहीत असेल आणि थांबवणं तिच्या हातात असेल. अशीच एक शिडी वॉर्डासाठी केली. आधी रिक्षातून त्या रस्त्याने नुसतं जाऊन यायचं. मग समोरच्या टपरीवर चहा. मग फाटकापाशी पाच मिनिटं. एका पायरीवर छातीत धडधड कमी होत नाही तोवर पुढची नाही. हे सगळं मानसोपचाराच्या डॉक्टरांना विचारून, त्यांच्या गोळ्यांसोबत चाललं होतं. हे मुद्दाम सांगते, नाहीतर कोणी म्हणेल मुगाने बरी झाली.

जुलैअखेर ऑपरेशनला तीन महिने झाल्यावर जोर लावायची परवानगी मिळाली. मी डबा बंद केला. खूप जड गेलं मला ते. तिच्या हातचा पहिला खाखरा महाराष्ट्राच्या नकाशासारखा झाला होता. कणीक मळायची, पातळ लाटायची, तव्यावर लाकडी दट्ट्याने दाबत भाजायची, यात बोटांचा, मनगटाचा, खांद्याचा सगळा व्यायाम आला. ऑगस्टमध्ये एक दिवस ती खाली आली ती वेणी घालून. वाकडी होती. मी सरळ करायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

मग पर्युषण आलं. महावीर भगवंतांच्या कानांत गोवाळ्याने खिळे ठोकले, तो प्रसंग आपण दर वर्षी ऐकतो. ते कोणत्या भवातल्या कर्माचं फळ होतं तेही आपल्याला सांगितलेलं आहे. पण त्या वर्षी माझं लक्ष पुढच्या भागाकडे गेलं. सिद्धार्थ वणिकाला भगवंतांच्या चेहऱ्यावरची वेदना दिसली, त्याने खरक वैद्याला सांगितलं, आणि दोघांनी मिळून खिळे काढले. त्यांनी कर्माचा हिशेब मांडला नाही. कर्मसिद्धांत मला दिला आहे तो माझ्या स्वतःच्या दुःखाकडे बघण्यासाठी. दुसऱ्याच्या उघड्या जखमेवर ठेवण्यासाठी नाही.

आभ्यंतर तपात वैयावच्च सांगितलं आहे, आजाऱ्याची, थकलेल्याची सेवा. ते तप का, हे मला आजवर कळलं नव्हतं. डबा देण्यात कसलं तप? त्यात तर मला बरंच वाटत होतं. समोरच्याचा हात थरथरताना दिसत असताना आपला हात मागे घेणं, आणि तरी उठून न जाणं, हे मात्र मला कठीण गेलं.

संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर मी वर गेले. म्हणाले, "मिच्छामि दुक्कडम्. मी त्या दिवशी कर्माचं जे बोलले, ते बोलायला नको होतं."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काकू, मला वाटलं होतं, तुम्ही म्हणताय की माझीच चूक होती."

मैत्रिणींनो, इतके महिने ती पोर हे मनात घेऊन वावरत होती.

ऑक्टोबरात ती कामावर गेली. एकदम वॉर्डात नाही. मॅडमच्या सल्ल्याने आधी रोज दोनच तास, लसीकरणाच्या टेबलावर, सोबतीला जुनी मैत्रीण. २१ ऑक्टोबरला देशात १०० कोटी डोस पूर्ण झाल्याची बातमी आली तेव्हा ती सासूबाईंना म्हणाली, "त्यातले थोडे माझ्या हातचे." सिरिंजला तिने स्वतःला सात गुण दिले. झोपेला पाच. दहा कशालाच नाहीत. आजही एप्रिल आला की तिची झोप मोडते, आणि थंडीत बोटं आखडतात. पण आखडलेल्या बोटांचं काय करायचं ते तिला माहीत आहे.

तुमच्या घरात, शेजारात कोणी नर्स असेल, आशाताई, पोलीस, अग्निशमन दलातला जवान असेल, आणि कामावरच्या एखाद्या प्रसंगानंतर तो माणूस शरीराने बरा दिसत असूनही परत उभा राहत नसेल, तर "आराम कर" म्हणण्याआधी त्याला विचारा, काय करावंसं वाटतं? छोटंसं असू दे. ते त्याच्याकडून काढून घेऊ नका. शेजारी बसा. मुंबईत केईएम, सायन, नायर या रुग्णालयांत आणि नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व्यवसायोपचार विभाग आहेत. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

आणि कर्माचं वाक्य ओठांवर आलं तर तेवढं गिळून टाका. मूग मागितले तर द्या.

जय जिनेंद्र.